‘थर्टीन रीझन्स व्हाय’मधील प्रतीकसृष्टी : ध्वनिफीत, कागदी पिशवी आणि पडलेली पाटी

प्रस्तावना

जे ॲशर या अमेरिकन लेखकाची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही पहिलीच कादंबरी २००७ साली प्रसिद्ध झाली. शाळकरी मुलामुलींनी एकमेकांचा केलेला छळ आणि एका मुलीची आत्महत्या हा तिचा विषय. इंग्रजीत ‘यंग ॲडल्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कुमारवयाच्या उत्तरार्धातील वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या साहित्यप्रकारात ती मोडते. हा प्रकार बाजाराचा आणि म्हणून वाङ्मयीनदृष्ट्या दुय्यम, अशी एक समजूत आपल्याकडील विद्यापीठीय समीक्षेत दिसते. मात्र महाविद्यालयात प्रथम वर्षाला येणारा इंग्रजी वाचणारा विद्यार्थी बहुधा अशीच पुस्तके वाचून आलेला असतो. तेव्हा या कादंबरीची प्रतीके वाचणे हे त्या विद्यार्थ्याचे वाचन समजून घेण्याचे एक साधनही ठरू शकते.

कादंबरीतील ‘बुलिंग’ या संकल्पनेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘छळ’ म्हटले की घरातला, विशेषतः सासरचा छळ डोळ्यांपुढे येतो. ‘रॅगिंग’ म्हटले की वसतिगृह आणि ज्येष्ठ-कनिष्ठ विद्यार्थ्यांचे नाते. येथे छळणारे समवयस्क आहेत, छळ पुष्कळदा हसतखेळत चालतो आणि त्यातील बरीचशी कृत्ये सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटावीत अशी आहेत. एक अफवा, वर्गातील मुलींच्या शरीरावरून केलेली एक यादी, खिडकीबाहेरून काढलेले एक छायाचित्र. या क्षुल्लकतेची साखळी कशी होते हे दाखविणे हा लेखकाचा उद्देश आहे आणि त्यासाठी त्याने वस्तूंची भाषा वापरली आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या वस्तूंमध्ये दोन परस्परविरोधी गट पडतात. कागदी पिशवी, कविता, रस्त्यावरची पाटी ही लहान प्रतीके कादंबरीचे सत्य सांगतात. ध्वनिफीत हे मोठे, मुखपृष्ठावर मिरविणारे प्रतीक मात्र त्या सत्याच्या विरुद्ध बाजूने साक्ष देते.

ध्वनिफिती आणि नकाशा

क्ले जेन्सन या मुलाला घरी एक बुटांचा खोका मिळतो. त्यात सात ध्वनिफिती आहेत. वर्गमैत्रीण हॅना बेकर हिने दोन आठवड्यांपूर्वी आत्महत्या केलेली आहे आणि आवाज तिचा आहे. फितींच्या बाजूंवर गडद निळ्या नखरंगाने एक ते तेरा असे आकडे घातले आहेत. सातव्या फितीची मागची बाजू कोरी आहे. प्रत्येक बाजू एका व्यक्तीच्या नावे. यादीतील प्रत्येकाने सर्व फिती ऐकाव्यात आणि खोका पुढच्या माणसाला पाठवावा, अशी हॅनाची अट आहे. ती मोडल्यास फितींचा दुसरा संच जगजाहीर होणार आहे. हा दुसरा संच टोनी नावाच्या वर्गमित्राकडे आहे, हे क्लेला नंतर कळते.

येथे एक बारीक गोष्ट नोंदवावी. कारणे तेरा असली तरी माणसे बाराच आहेत, कारण जस्टिन फोली याचे नाव दोन वेळा येते. तेराच्या संख्येला इंग्रजीत ‘बेकर्स डझन’ म्हणतात आणि नायिकेचे आडनाव बेकर आहे. हा श्लेष हेतुपुरस्सर असो वा नसो, आकडा जुळविण्याची लेखकाची ओढ त्यातून लपत नाही.

२००७ साली ध्वनिफीत ही जवळजवळ कालबाह्य झालेली वस्तू होती. क्लेला ती ऐकण्यासाठी प्रथम गॅरेजमधला जुना संच वापरावा लागतो आणि नंतर टोनीचा वॉकमन त्याच्या नकळत (निदान क्लेच्या समजुतीप्रमाणे) उचलावा लागतो. या कालबाह्यतेमुळे वस्तूला वजन आले आहे. फीत एका क्षणात हजारांना पाठविता येत नाही. ती हातोहात द्यावी लागते, टपालात टाकावी लागते. अफवा मात्र कोणाच्याही हाताला न लागता गावभर फिरते. हॅनाविषयीची अफवा ज्या सहजतेने पसरली, त्याच्या नेमकी उलट गती फितीची आहे, आणि हा विरोध लेखकाने चांगला साधला आहे.

संग्रहालयात ध्वनिमुद्रित मार्गदर्शन ऐकत फिरत असताना आपल्याला या रचनेची कल्पना सुचली, असे ॲशर यांनी सांगितले आहे. हे लक्षात घेतले म्हणजे नकाशाचा अर्थ उलगडतो. हॅनाने यादीतील प्रत्येकाला गावाचा एक नकाशा आधीच पोचविला आहे. त्यावर लाल तारका आहेत. क्ले एका रात्रीत त्या तारकांमागून हिंडतो : हॅनाचे जुने घर, आयझेनहॉवर पार्कमधली अग्निबाणाच्या आकाराची घसरगुंडी जिथे तिचे पहिले चुंबन झाले, मोनेज हे कॉफीगृह, रोझीज हे उपाहारगृह. रोजच्या वहिवाटीचे गाव एका मृत मुलीचे संग्रहालय होते आणि क्ले त्यातला प्रेक्षक.

मुद्रित पानावरची योजनाही सूचक आहे. हॅनाचे बोलणे तिरप्या अक्षरांत, क्लेचे मनोगत सरळ अक्षरांत, आणि दोहोंच्या मध्ये अधूनमधून वॉकमनच्या बटणांची चिन्हे : सुरू, विराम, बंद. क्ले तिला मध्येच थांबवू शकतो. वादही घालतो, क्षमाही मागतो. हॅना मात्र ऐकू शकत नाही. फीत हे संवादाचे प्रतीक आहे, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः ते संवादाच्या अशक्यतेचे प्रतीक आहे, कारण त्यात एकच पक्ष बोलतो आणि त्याला उत्तर देण्याची सोयच नाही.

आक्षेप सुरू होतो तो येथे. जिवंतपणी हॅनाचे कोणी ऐकले नाही. मेल्यावर तिचा शब्दन्‌शब्द ऐकला जातो, ज्यांना ऐकायचा नाही त्यांनाही ऐकावा लागतो. मृत्यूनंतरही तिची इच्छा गावभर माणसे हलविते. मृत्यूने माणसाचा आवाज संपतो, ही साधी गोष्ट. या प्रतीकाने ती उलटी केली आहे. कथनाच्या दृष्टीने ही युक्ती प्रभावी आहे यात शंका नाही, किंबहुना कादंबरीचे यश तिच्यातच आहे. परंतु दुखावलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाच्या मनात ‘मी गेल्यावर त्यांना कळेल’ ही जी एक कल्पना वावरत असते, तिला हे प्रतीक दृश्य, स्पर्शयोग्य आणि यशस्वी रूप देते. आत्महत्येच्या वार्तांकनाविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तिचे एकच कारण दाखवू नये आणि ती प्रश्नावरचा तोडगा म्हणून मांडू नये. ही कादंबरी एकाऐवजी तेरा कारणे देते. पण तेराही कारणे बाहेरची आहेत. नैराश्याचा आजार म्हणून विचार जवळजवळ नाही. हिशेब पूर्ण जुळतो, आणि तो असा जुळणे हेच संशयास्पद आहे.

कागदी पिशवी आणि कविता

याउलट कादंबरीतील लहान प्रतीके पाहावीत. हॅनाच्या शाळेत समवयस्कांतील संवादाचा एक तास असतो. त्या वर्गात प्रत्येकाच्या नावाची एक कागदी पिशवी टांगलेली असते. एखाद्याविषयी चांगले काही सांगावेसे वाटले तर चिठ्ठी लिहून त्याच्या पिशवीत टाकायची. झॅक डेम्प्सी हॅनाच्या पिशवीतील चिठ्ठ्या काढून घेऊ लागतो. रोझीजमध्ये तिने त्याला झिडकारलेले असते, त्याचा हा सूड. इतर पिशव्या भरलेल्या, तिची रिकामी. मारहाण नाही, शिवी नाही. पुरावा म्हणून दाखवावे असे काहीच नाही, कारण झालेली हानी ‘नसण्या’ची आहे. रिकाम्या पिशवीचे हे प्रतीक कादंबरीतील सर्वांत नेमके प्रतीक आहे असे म्हणता येईल. त्याचा फारसा गाजावाजा लेखकही करीत नाही, हे विशेष.

याच तासाला हॅना एक निनावी चिठ्ठी शिक्षिकेसाठी टाकते : वर्गात आत्महत्येवर चर्चा व्हावी. ब्रॅडलीबाई ती वाचून दाखवितात. कोणी लिहिले हे ठाऊक नसल्याने वर्ग अस्वस्थ होतो आणि लिहिणाऱ्याला केवळ लक्ष वेधून घ्यायचे असावे, असा सूर निघतो. पुढे धोक्याची लक्षणे सांगणारे पत्रक वाटले जाते. त्यात बाह्यरूपात अचानक बदल हे एक लक्षण आहे. हॅनाने नुकतेच आपले लांब केस कापलेले आहेत आणि ती वर्गातच बसली आहे. लक्षण छापील कागदावर आहे, लक्षण समोरच्या बाकावरही आहे. दोहोंची गाठ कोणी घालीत नाही. पत्रक वाटणाऱ्यांनी आपले काम केले, असे म्हणायला जागा उरते. कोणत्याही शिक्षणसंस्थेतील उपक्रमांचा ज्याला अनुभव आहे त्याला ही जागा परिचित असेल.

कवितेचा प्रसंग याच्याही पुढे जातो. हॅना आपल्या वहीत एक कविता लिहिते. रायन शेव्हर हा तिचा काव्यप्रेमी मित्र वहीचे पान पळवितो आणि आपल्या नियतकालिकात ती निनावी छापतो. ती शाळेत लोकप्रिय होते. शिक्षक ती वर्गात चर्चेला घेतात, मुले ओळींचा अर्थ लावतात, कोणी तिचे विडंबनही करते. कवितेचा अर्थ काय, प्रतीक कशाचे, कवीला काय म्हणायचे आहे, या प्रश्नांचा सगळा परिचित सरंजाम त्या वर्गात मांडला जातो, आणि ज्या मुलीने ती लिहिली ती तिथेच, त्याच इमारतीत, गप्प असते.

प्रतीकांची चर्चा करणाऱ्या कोणत्याही लेखावर हा प्रसंग उलटतो, हे मान्य करावे लागते. कविता वाचण्यात वर्ग चुकला असे नाही. कदाचित त्यांनी काढलेला अर्थ बरोबरही असेल. चूक अशी की, अर्थ सापडल्यावर काम संपले असे सर्वांनी मानले. लेखकाला मृत मानून संहितेकडे पाहण्याची सवय अभ्यासकाला गेल्या अर्धशतकात जडली. तिचा एक फायदा म्हणजे लिहिणाऱ्याची चौकशी करावी लागत नाही. ॲशर यांना समीक्षापद्धतीवर भाष्य करायचे होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु प्रसंगातून ते भाष्य झाले आहे.

पडलेली पाटी

एका मेजवानीच्या रात्री हॅना एका अंधाऱ्या खोलीतील कपाटात लपलेली असते. तिच्यासमोर नशेत बेशुद्ध पडलेल्या जेसिकावर ब्राइस वॉकर अत्याचार करतो. जस्टिन दाराबाहेर असून त्याला आत जाऊ देतो. हॅना बाहेर येत नाही. पुढे त्याच रात्री जेनी कुर्ट्‌झ तिला घरी सोडायला निघते आणि तिची गाडी कोपऱ्यावरच्या ‘स्टॉप’ लिहिलेल्या पाटीवर आदळते. पाटी आडवी होते. पोलिसांना कळवावे, असे हॅना म्हणते. जेनी तिला उतरवून निघून जाते. हॅना दूरध्वनी करते तोवर त्या चौकात अपघात होऊन गेलेला असतो. शाळेतला एक मुलगा मरतो. दुसऱ्या गाडीतील वृद्ध गृहस्थ, हॅनाचे कुटुंब या गावात आले तेव्हा ज्या घरात राहत होते, त्या घरात आता राहणारा आहे.

सिग्नल नसलेल्या चौकात अमेरिकन लहान गावाची वाहतूक या एका पाटीच्या भरवशावर चालते. तिथे पोलीस उभा नसतो. पाटी उभी आहे आणि समोरचा ती पाळील, एवढाच विश्वास. ती पडल्यावर येणाऱ्याला काही दिसत नाही. धोका दिसत नाही एवढेच नव्हे, आपण काही मोडतो आहोत हेही दिसत नाही. हॅनाच्या बाबतीत घडलेल्या बहुतेक गोष्टींचे हेच स्वरूप आहे. ज्याने पाटी पाडली त्याला अपघात करायचा नव्हता आणि ज्याने अपघात केला त्याने पाटी पाडली नव्हती. कारण आणि परिणाम यांच्यामधले हे अंतर तेरा फितींच्या सरळ यादीत मावत नाही. हॅना स्वतः आपल्या कथेला उतारावरून घरंगळत मोठ्या होत जाणाऱ्या बर्फाच्या गोळ्याची उपमा देते, आणि तीही अपुरी आहे, कारण गोळा एकाच दिशेने जातो. पाटीचे प्रतीक अधिक प्रामाणिक आहे. शिवाय या प्रसंगात हॅना केवळ बळी नाही. कपाटातले तिचे मौन आणि पाटीपाशी झालेला तिचा उशीर ती स्वतःच्या खात्यावर मांडते. येथे कादंबरी आपल्या नायिकेला सूट देत नाही.

वॉकमनच्या बंद करण्याच्या बटणावरही इंग्रजीत ‘स्टॉप’च असते. ते बटण क्लेच्या बोटाखाली आहे आणि दाबूनही काही थांबत नाही. चौकातली पाटी मात्र वेळेवर कोणी उभी केली असती तर एक माणूस वाचला असता. एकाच शब्दाची ही दोन रूपे समोरासमोर ठेवली म्हणजे दोन प्रतीकांतला फरक सिद्धांताविना कळतो.

दार

शेवटची फीत पोर्टर यांच्या नावे आहे. कु. अँटिली या समुपदेशिका दुसरीकडे गेल्यावर त्यांच्या जागी इंग्रजीचे शिक्षक असलेले पोर्टर तात्पुरते काम पाहत आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे. हॅना ही भेट त्यांच्या नकळत ध्वनिमुद्रित करते. पोर्टर दुष्ट नाहीत, उद्धट नाहीत. ते प्रश्न विचारतात, पर्याय सुचवितात आणि तक्रार करायची नसेल तर झाले ते मागे टाकण्याचा मार्ग दाखवितात. हॅना उठून बाहेर येते. दार बंद होते. ती काही क्षण थांबते. दार उघडत नाही.

या प्रसंगातील दाराला प्रतीक म्हणावे की नाही, हा प्रश्न पडतो. ते फक्त कार्यालयाचे दार आहे. परंतु कादंबरीतील सर्व लहान वस्तू येथे एकत्र येतात : रिकामी पिशवी, वाचली गेलेली पण ओळखली न गेलेली कविता, वेळेवर न उचललेली पाटी. या सर्वांत एखाद्याने एक पाऊल अधिक टाकायला हवे होते आणि ते टाकले गेले नाही. पोर्टर यांच्यावर सारा दोष लोटणे सोपे आहे. मात्र हॅना त्या खोलीत शिरली ती त्यांची परीक्षा घेण्यासाठी, यंत्र लपवून आणि मनाशी निकाल जवळपास ठरवून. हे लेखकानेच दाखविले आहे, तरीही कादंबरीभर फितीला न्यायाधीशाचे जे आसन मिळाले आहे त्यामुळे वाचकाचे तिकडे दुर्लक्ष होते.

दुसरा शेवट आणि दूरचित्रवाणी

आपल्या मूळ योजनेत हॅना वाचते, असे ॲशर यांनी सांगितले आहे. तो शेवट दशकपूर्तीच्या आवृत्तीत छापलाही गेला. विषयाचे गांभीर्य लक्षात येऊन पुढे तो बदलला, हे त्यांचे स्पष्टीकरण. प्रतीकाच्या दृष्टीने या बदलाची किंमत मोठी आहे. हॅना जगली असती तर फितींना उत्तर मिळू शकले असते. कोणी रागावले असते, कोणी खोडून काढले असते, तिलाही आपले काही शब्द मागे घ्यावेसे वाटले असते. फीत मग एका जखमी मुलीचा एका विशिष्ट आठवड्यातला दस्तऐवज ठरली असती. मृत्यूने त्याला निर्विवाद ग्रंथाचे रूप दिले. क्लेची बाजू ऐकून हॅनाने काय म्हटले असते, हा कादंबरीतील सर्वांत मोठा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही.

२०१७ साली नेटफ्लिक्सवर या कादंबरीवर आधारित मालिका आली आणि २०२० पर्यंत तिचे चार हंगाम झाले. कादंबरीतील एका रात्रीचे ऐकणे मालिकेत अनेक दिवसांवर पसरले, आणि जी केवळ आवाज होती ती हॅना प्रत्येक भागात चालतीबोलती दिसू लागली. फितीच्या प्रतीकातील दोष त्यामुळे दुणावला : मृत मुलगी आता ऐकूच येत नव्हती, ती उपस्थित होती. पहिल्या हंगामाच्या शेवटी असलेले मृत्यूचे दृश्य मोठ्या टीकेनंतर जुलै २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले. मालिका प्रदर्शित झाल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत दहा ते सतरा वयोगटातील आत्महत्यांचे प्रमाण वाढल्याचे एका अभ्यासाने २०१९ मध्ये मांडले. पुढच्या वर्षी त्याच माहितीच्या फेरविश्लेषणाने त्यावर आक्षेप घेतला. हा वाद येथे सुटणारा नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या २०१७ सालच्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत ही कादंबरी पहिल्या क्रमांकावर होती, ही नोंद मात्र विचार करायला लावते. पुस्तक कपाटाबाहेर काढल्याने ते वाचायचे थांबते असे नाही. ते एकट्याने, कोणाशी न बोलता वाचले जाते. क्लेने फिती ऐकल्या त्याही अशाच.

वर्गात ही कादंबरी लावायची झाल्यास फितीपासून सुरुवात होणे अपरिहार्य आहे, कारण विद्यार्थ्यांच्या मनात तीच असते. पण तास तेथेच संपला तर हाती फक्त आरोपपत्र उरते. पिशवी आणि पाटी यांच्यापाशी जितका वेळ जाईल तितकी चर्चा ‘कोणामुळे’ या प्रश्नाकडून ‘कोणत्या क्षणी’ या प्रश्नाकडे वळते.

अखेरच्या पानांत क्ले फिती पुढच्या माणसाला रवाना करून सकाळी शाळेत येतो. व्हरांड्यात त्याला स्काय मिलर पाठमोरी जाताना दिसते. आठवीत असताना त्याला ती आवडत असे. अलीकडे ती सर्वांपासून तुटल्यासारखी वागते आहे आणि त्याचे कारण कोणी विचारलेले नाही. क्लेजवळ या वेळी खोका नाही, नकाशा नाही, वॉकमन नाही. तो तिच्यामागून चालू लागतो आणि तिला नावाने हाक मारतो. तिने मागे वळून काय म्हटले, हे लेखक सांगत नाही.